कारंज्याहून परतवाड्यापर्यंत

वऱ्हाडातील ज्या गावाचे नाव कोकणापासून कर्नाटकापर्यंतच्या देवघरांत भक्तिभावाने उच्चारिले जाते, ते गाव म्हणजे कारंजा. सरकारदप्तरी त्याचे नाव कारंजा लाड. येथे पूर्वापार वसलेल्या लाड व्यापाऱ्यांवरून हे उपपद त्यास जडले. करंज नामक एका ऋषीस दुर्धर व्याधी जडली असता अंबेने त्याच्यासाठी तळे निर्माण केले व त्यात स्नान करून तो व्याधिमुक्त झाला, अशी गावाच्या नावाची कथा सांगतात. ऋषितलाव म्हणून ते तळे आजही दाखवितात. गावास चार दिशांना चार वेशी. त्यांची नावे दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा. १९९८ च्या जुलैपर्यंत कारंजा अकोला जिल्ह्यात मोडत असे. त्या महिन्याच्या १ तारखेस वाशीम जिल्हा निराळा झाला व कारंजा त्यात गेले. गावातील जुनी माणसे मात्र अजूनही बोलता बोलता 'आमचा अकोला जिल्हा' म्हणून जातात, आणि ऐकणाराही त्यांस दुरुस्त करीत नाही.

यंदा फाल्गुनाच्या आरंभी आम्ही तेथे चार दिवस राहिलो. हेतू देवदर्शनाचा होता. परंतु त्या चार दिवसांत आमच्या मनात सारखे घोळत राहिले ते एका निराळ्याच पुरुषाचे नाव, आणि ते म्हणजे गोपाळ नीलकंठ दांडेकर, सर्व महाराष्ट्राचे गोनीदा. त्यांचे घर तळेगाव दाभाड्याचे, त्यांचे गड सह्याद्रीतले. मग वऱ्हाडच्या काळ्या मातीत त्यांचे स्मरण कशाने व्हावे, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर एका आगगाडीच्या वाटेत आहे व एका म्हाताऱ्या बाईच्या प्रश्नात आहे. ते क्रमाने सांगतो.

प्रथम गावाविषयी. कारंजा एके काळी मोठे धनाढ्य होते. १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटिली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांच्या फौजा थेट ह्या गावावर येऊन धडकल्या. चार हजार बैल व गाढवे ह्यांच्या पाठीवर सोने, रुपे व उंची वस्त्रे लादून नेली, असे इतिहासकार लिहितात. गावातील धनिक बरोबर नेले. सर्वांत मोठा सावकार तेवढा बायकी वेष घेऊन निसटला, कारण महाराजांच्या फौजेत स्त्रीस हात लावण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती, हे त्या चतुर गृहस्थास पक्के ठाऊक होते! महाराजांच्या नीतीची ही साक्ष लुटल्या गेलेल्या गावाने द्यावी, ह्याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.

धन गेले, परंतु दुसरा एक ठेवा राहिला. येथे दिगंबर जैनांची तीन प्राचीन मंदिरे आहेत. सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ ह्या तीन परंपरांच्या भट्टारकांच्या गाद्या येथे होत्या, आणि त्यांच्या भांडारांत शेकडो वर्षांच्या हस्तलिखित पोथ्या जपून ठेविलेल्या होत्या. प्राकृत व आधुनिक देशी भाषा ह्यांच्यामधील जी अपभ्रंश भाषा, जिच्यातून पुढे आपली मराठी उमलली, तिचे कित्येक ग्रंथ ह्या भांडारांमुळे विद्वानांच्या हाती आले. पुष्पदंत कवीचे 'जसहरचरिउ' डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य ह्यांनी संपादिले ते १९३१ साली कारंज्याच्याच ग्रंथमालेतून निघाले. त्याच कवीचे 'णायकुमारचरिउ' डॉ. हिरालाल जैन ह्यांनी दोन वर्षांनी सिद्ध केले. आम्ही संस्कृताचे विद्यार्थी. अशा गावी एक सबंध दिवस केवळ पोथ्यांच्या गोष्टी ऐकण्यात घालविला, ह्याबद्दल आमच्या कुटुंबाने आम्हांस बोल लाविला तो रास्तच होता. पण तो विषय येथे वाढवीत नाही.

कारंज्यास बहुतेक लोक येतात ते गुरुमंदिरासाठी. श्रीनृसिंह सरस्वती ह्यांचे हे जन्मस्थान. शके १३०० च्या सुमारास माधव व अंबा ह्या दांपत्याच्या पोटी नरहरी नावाचा बाळ येथे जन्मला, तेच पुढे गाणगापूरचे स्वामी झाले. श्रीवासुदेवानंद सरस्वती म्हणजे टेंबे स्वामी ह्यांच्यामुळे ह्या स्थानाची ओळख महाराष्ट्रास पटली आणि १९३४ साली ब्रह्मानंद सरस्वती ह्यांनी येथे पादुकांची स्थापना केली. मंदिर शांत आहे. माध्यान्हीच्या आरतीची गर्दी ओसरल्यावर सभामंडपात बसावे, म्हणजे पारायणास बसलेल्यांचा मंद स्वर तेवढा कानी येतो.

गुरुचरित्रातील नरहरीची कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. मूल ॐकारावाचून काही बोलेना. आईबापांस वाटले मुके आहे. मुंज झाली, माता भिक्षा घालावयास आली, आणि त्या बाळाच्या मुखातून वेद बाहेर पडला. आईला आनंद झाला न झाला तोच त्याने तीर्थाटनास जाण्याची आज्ञा मागितली. अंबा रडू लागली. तेव्हा, तुला आणखी पुत्र होतील, असे आश्वासन देऊन तो राहिला. जुळे भाऊ जन्मले, ते तीन महिन्यांचे झाले, आणि मग तो निघाला. काशीस जाऊन त्याने संन्यास घेतला. पुढे तीस वर्षांनी तो यतिवेषात एकदा कारंज्यास परत आला, आईबापांस भेटला, भावंडांच्या घरी जेवला, आणि पुनः निघून गेला.

ग्रंथ वाचताना आपले लक्ष सहसा जाणाऱ्याकडे असते. आम्ही त्या दिवशी मंडपात बसलो असता आमचे लक्ष राहणारीकडे गेले. तीस वर्षे म्हणजे काही थोडा काळ नव्हे. ज्या अध्यायात एक आई अशी रडते तो अध्याय बायकांनी ऐकावा, पण वाचू नये, अशी रूढी आपल्यापैकी कित्येक घरांत परवापरवापर्यंत होती. तिची उपपत्ती शास्त्री मंडळी काय लावावयाची ती लावोत.

हा विचार आमच्या मनात आला त्याला कारण घडले. आम्ही उतरलो होतो ते आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी. नोकरीच्या अगदी पहिल्या वर्षी हा दहा वर्षांचा मुलगा आमच्या वर्गात होता. प्रगतिपुस्तकावर पालकाची सही म्हणून नेहमी आईचे नाव येई, बालबोध, टपोऱ्या अक्षरांत. वडील त्याच्या आदल्या वर्षी नर्मदेच्या परिक्रमेस म्हणून गेले होते. ते परत आले नाहीत. पुढे कोणी सांगे, ओंकारेश्वरास पाहिले. कोणी म्हणे, अमरकंटकास. पत्र मात्र कधी आले नाही. त्या बाईंनी शिवण शिवून, पापड लाटून तीन मुले वाढविली. आज त्या ऐंशीच्या पुढे आहेत, आणि घरात सुना, नातवंडे, एक पणती आहे. अजूनही त्या कपाळी कुंकू लावतात. ह्या घरात प्रवासाची पिशवी कोणी भरू लागले, की आजी ती भरून होईपर्यंत समोर बसून राहतात. हे आमच्या विद्यार्थ्याने आम्हांस हळूच सांगितले.

आम्ही गेलो त्या दिवशी घरात अबोला होता. पुण्यास शिकणारी नात सुट्टीस आली होती. तिला मैत्रिणींसह राजगडावर जावयाचे होते, गडावरच मुक्काम करावयाचा होता. आईबापांची ना नव्हती. आजी मात्र दोन दिवस तिच्याशी बोलल्या नव्हत्या.

आता त्या आगगाडीकडे वळू. कारंज्याच्या स्थानकावरून पूर्वी जी चिमुकली गाडी जात असे, तिचे लाडके नाव शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर व मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर असा तिचा मार्ग. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. किलिक निक्सन नामक इंग्रज कंपनीने वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेस लावण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी ती बांधिली. १९९४ पर्यंत तीस कोळशाचे इंजिन होते, मग डिझेलचे आले, आणि अलीकडे काही वर्षे तर ती बंदच आहे. आम्ही मूर्तिजापुराहून एस. टी.ने आलो. स्थानकावर मुद्दाम जाऊन पाहिले, तो रुळांवर गवत माजलेले, आणि त्यात एक शेळी चरत होती.

ह्याच रुळांच्या वाटेने मनाने उत्तरेकडे जावे. पहिले मोठे ठिकाण मूर्तिजापूर. त्या तालुक्यात दापुरा हे गाव आहे. तेथे मामाच्या घरी वाढलेला डेबूजी नावाचा एक परीट तरुण १९०५ च्या फेब्रुवारीत एका रात्री पत्नी कुंताबाई, लेकरे व म्हातारी आई ह्यांस सोडून घराबाहेर पडला. हातात काठी व मडके. तेच गाडगे महाराज. त्यांच्या कार्याची थोरवी आम्ही सांगावयास नको. एकुलता उरलेला पुत्र गेल्याची वार्ता कीर्तन चालू असता आली, तरी त्यांनी कीर्तन थांबविले नाही, हेही सर्वश्रुत आहे. तेथून पुढे गाडी पूर्णेचा पूल ओलांडून दर्यापूर, अंजनगाव करीत अचलपुरास टेके. अचलपुरास लागूनच परतवाडा. गावनामांची व्युत्पत्ती काही का असेना, 'परत' हे अक्षर ज्याच्या नावात आहे अशा गावी ८ जुलै १९१६ रोजी गोपाळ नीलकंठ दांडेकर ह्यांचा जन्म झाला.

कारंज्याचा नरहरी, दापुऱ्याचा डेबूजी आणि परतवाड्याचा गोपाळ. एकाच प्रांतातले, आणि तिघांनीही घर सोडिले. गोपाळ तेराव्या वर्षी सातवी इयत्ता टाकून महात्मा गांधींच्या हाकेसरशी बाहेर पडला. पुढे तो गाडगे महाराजांच्या पायांशी गेला, त्यांच्याबरोबर व त्यांच्या कामासाठी गावोगाव हिंडला; त्या सहवासातून पुढे त्याने महाराजांचे चरित्रही लिहिले. मग वेदान्ताचे अध्ययन झाले, आणि नर्मदेची परिक्रमाही झाली. सारी चिन्हे अशी होती, की हाही आता कायमचा गेला. आमच्या आजींच्या यजमानांप्रमाणे त्याचेही नाव कोणी ओंकारेश्वरास, कोणी अमरकंटकास घेतले असते.

परिक्रमा म्हणजे काय, हे ज्या वाचकांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नर्मदा सदैव उजव्या हातास ठेवून, पात्र न ओलांडता, भिक्षेवर निर्वाह करीत, उगमापासून सागरापर्यंत व सागरापासून उगमापर्यंत चालावयाचे. सुमारे अडीच हजार किलोमीटरांची ही वाट, आणि शास्त्रोक्त करावयाची तर तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस लागतात. तीत मनुष्य घराचा राहत नाही. वाटेवर ज्याने भाकरी दिली तो त्या दिवसापुरता त्याचा आप्त. गोनीदांनी हा सारा अनुभव 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ह्या कादंबरीत ओतिला आहे, आणि स्वतःच्या घडणीची कथा 'स्मरणगाथा' ह्या ग्रंथात. दुसऱ्या ग्रंथास १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

पण हा तिसरा पुत्र परतला. आणि परतला तोही हिंडणे टाकून नव्हे. ह्यातच आम्हांस गोनीदांच्या आयुष्याचे खरे वैशिष्ट्य वाटते. आपल्या शास्त्राने चार आश्रम सांगितले, आणि रान, डोंगर, नदी ही बहुतेक शेवटच्या दोहोंच्या वाट्यास दिली. गृहस्थाने अंगणाबाहेर पडावे ते यात्रेपुरते. गोनीदांनी गृहस्थाश्रमात राहून वानप्रस्थाचे सुख घेतले, आणि तेही चोरून नव्हे. तळेगाव दाभाड्यास नीराबाईंसह त्यांनी संसार मांडिला. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास, लेखणीवरच पोट भरावयाचे, असा त्यांनी निश्चय केला. मराठी लेखकाने असा निश्चय करावा हे त्या काळी धाडसच. आज तरी निराळे काय आहे? मुलांच्या गोष्टी, चरित्रे, प्रवासवर्णने, कादंबऱ्या, जे जे लिहिता येईल ते ते त्यांनी लिहिले. संतांवरील 'मोगरा फुलला' असो की 'दास डोंगरी राहतो', शिवकालावरील 'बया दार उघड', 'झुंझार माची' इत्यादी कादंबऱ्यांची माला असो, ह्या साऱ्या लेखनाने एका बाजूस घर चालविले व दुसऱ्या बाजूस लेखकाला पुनः पुनः डोंगरात नेले.

गडावर जाण्याची त्यांची तऱ्हा शिकाऱ्याची नव्हती, की सहलीस गेलेल्या शहरी माणसाचीही नव्हती. पाठीवर थोडके सामान, पायी वाट, रात्रीला गडावरील देवळाचा आसरा. दरवाजा कोठे, तटबंदी कशी, पाण्याचे टाके कोणत्या अंगास, हे तर पाहावयाचेच. परंतु त्याहून अधिक पाहावयाचा तो त्या डोंगरात राहणारा माणूस. त्याचे बोलणे कान देऊन ऐकावयाचे. त्यामुळेच राजमाचीवर एकट्याने राहणारा बुधा, तुंग किल्ल्याची हवालदारी जपणारा धोंडी, मधमाश्यांशी वैर धरणारा 'जैत रे जैत' मधला ठाकर, पडघवलीची अंबावहिनी, ही सारी माणसे आपापल्या बोलीत बोलतात. 'जैत रे जैत' चा डॉ. जब्बार पटेल ह्यांनी १९७७ साली चित्रपट केला तो पुष्कळांनी पाहिला असेल. पण पुस्तक वाचावे, असा आमचा आग्रह आहे. कॅमेराही त्यांच्या खांद्यास असे. त्यांनी टिपलेल्या दुर्गांच्या चित्रांचे पुस्तक पुढे निघाले, ते पाहताना जाणवते की, ह्या माणसाने तटाबुरुजांकडे वाड्यातल्या वडीलधाऱ्यांकडे पाहावे तसे पाहिले.

आणि घर? घरच्यांस ते अप्पा. अप्पांनी आपल्या कन्येस, वीणाताईंस, लहानपणापासून गडावर नेले. ज्या काळी मुलीने शेजारच्या गावी जत्रेस जाणे म्हणजे दहा जणांची परवानगी, त्या काळची ही गोष्ट. पुढे वीणाताई मराठीच्या प्राध्यापक झाल्या; विवाहानंतर जावई डॉ. विजय देव हेही ह्या दुर्गवेडात सामील झाले. नातींनीही आजोबांचे बोट धरून गड पाहिले. त्यांतील एक, मृणाल कुलकर्णी, हिला आपण अभिनेत्री म्हणून ओळखतो. वडिलांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन करण्याचा परिपाठ ह्या कुटुंबाने वर्षानुवर्षे चालविला: रंगमंचावर पडदा नाही, वेष नाही, लेक, जावई, नात पुस्तके घेऊन बसत आणि शेकडो माणसे कान देऊन ऐकत. वीणाताईंनी वडिलांवर 'आशक मस्त फकीर' हे पुस्तक लिहिले. फकिराचे चरित्र त्याच्या लेकीने लिहावे हा योग विरळा. बहुतेक फकिरांच्या लेकींजवळ लिहिण्याजोगे काही उरतच नाही. गोनीदा १ जून १९९८ रोजी निवर्तले. विजयराव २०१९ साली गेले आणि वीणाताई २०२४ च्या ऑक्टोबरात.

वऱ्हाडानेही त्यांस विसरू दिले नाही. १९८१ साली अकोल्यास भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांजकडे आले. कारंजा तेव्हा अकोला जिल्ह्यातच असल्याने, आमचा विद्यार्थी म्हणतो त्याप्रमाणे, 'आपल्याच जिल्ह्यातले संमेलन' ते. आणि त्यांनीही वऱ्हाड विसरलेले नव्हते. 'पूर्णामायची लेकरं' ही त्यांची कादंबरी पूर्णेकाठच्या जीवनाची आहे, आणि तिची बोली अस्सल वऱ्हाडी. तेराव्या वर्षी घर सोडलेल्या मनुष्याच्या कानांत ती बोली इतकी शाबूत कशी राहिली, ह्याचा आम्हांस अचंबा वाटतो. पाय जेथे जेथे गेले तेथे कान घरी ठेवूनच गेले असावेत.

तिसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आम्ही सोहोळास गेलो. कारंज्याजवळ सुमारे अठरा चौरस किलोमीटरांचे हे काळविटांचे अभयारण्य आहे. अभयारण्य म्हटल्यावर घनदाट झाडी मनात येते. येथे तसे काही नाही. उंचसखल माळ, वाळून पिवळे पडलेले गवत, मधूनमधून बाभूळ, बोर आणि फाल्गुन असल्यामुळे पेटल्यासारखा दिसणारा एखादा पळस. नात आमच्याबरोबर होती. तिनेच प्रथम कळप दाखविला. पंधरावीस माद्या, रंग गवतासारखाच, म्हणून हलल्यावाचून दिसत नाहीत. आणि त्यांच्यापासून जरा दूर एक नर, पाठ काळीभोर, पोट पांढरे शुभ्र, शिंगे पिळदार. हाच आपल्या ग्रंथांतला कृष्णसार. जेथे हा मृग स्वभावतः विहरतो तो देश यज्ञास योग्य, असे मनूने म्हटले आहे, आणि मुंजीत बटूस ज्याचे अजिन देतात तोही हाच. नरहरीच्या मुंजीसाठी अजिन कोठून आणिले असेल, असा विचार आमच्या मनात आला. फार लांब जावे लागले नसावे!

मुलगी मात्र गप्प बसून पाहत होती. आमच्या बडबडीने कळप बिचकेल म्हणून तिने आम्हांस हाताने खूण करून थांबविले. आयुष्यभर वर्गास गप्प बसविले, आज वर्गाने आम्हांस बसविले. अर्धा घटका अशी गेली. मग नराने मान वर केली, आणि सगळा कळप, जणू कोणी दोरी ओढली असे, एकदम उधळला. उड्या एवढ्या उंच, की जमिनीचा व त्यांचा संबंध काय असा प्रश्न पडावा.

येताना ती म्हणाली, "गुरुजी, आजीला मी काय सांगू? मी पळून थोडीच चालले आहे?" आम्ही उत्तर दिले नाही. ते आम्हांस ठाऊकही नव्हते. तुझ्या पिशवीत 'पूर्णामायची लेकरं' आहे ना, एवढेच विचारिले. होते.

रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर सगळी मंडळी बसली. आजी वाती वळीत होत्या. नात वाचू लागली. आरंभी तिची पुणेरी जीभ वऱ्हाडी शब्दांवर अडखळे. सुना हसू लागल्या. एका शब्दावर ती थांबली, तेव्हा आजींनी वात न थांबविता तो शब्द बरोबर करून सांगितला. दोन दिवसांतले त्यांचे तिच्याशी पहिले बोलणे. पुढे दहा मिनिटांत सहा-सात दुरुस्त्या झाल्या. मग आजी म्हणाल्या, "असंच बोले माही माय. हा लेहणारा कोण्या गावचा?"

आम्ही सांगितले: परतवाड्याचा. आणि मग थोडक्यात सारी कथा सांगितली. गाडगेबाबा, नर्मदा, तळेगाव, गड. नर्मदेचे नाव आले तेव्हा ओसरीवर सगळे स्तब्ध झाले, आणि आम्हांसही वाटले की हे बोललो नसतो तर बरे. आजींचे हात मात्र चालूच होते.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "हा तुमचा माणूस घरी सांगून जाये का?"

"पोरवयात गेले ते घर टाकूनच गेले, आजी," आम्ही म्हणालो. "संसार मांडल्यावर मात्र जितक्या वेळा गेले तितक्या वेळा परत आले. लेकीला बरोबर नेत. नातींना नेत."

"लेकीले? गडावर?"

"हो."

आजींनी तयार वाती मोजून डब्यात ठेविल्या. "यायनं नाई सांगतलं," त्या म्हणाल्या. "देवघरातला लोटा दिसला नाई, तवा समजलं."

कोणी काही बोलले नाही. आमचा विद्यार्थी, सत्तावन्न वर्षांचा गृहस्थ, उठून उगाच दिव्याजवळ गेला व परत येऊन बसला. थोड्या वेळाने आजी नातीकडे वळून म्हणाल्या, "राजगडले कधी जातं वं तू?"

तिने तारीख सांगितली.

"अन् येतं कधी?"

तिने तीही सांगितली.

"मंग लेहून ठेव ना तिथं."

मुलगी उठली. भिंतीवरच्या कालनिर्णयाशी जाऊन तिने पेन्सिलीने दोन खुणा केल्या. आजींनी चष्मा मागून घेतला, जवळ जाऊन दोन्ही तारखा पाहिल्या, दुसऱ्या खुणेवर बोट ठेवून वार विचारिला, आणि पुनः जागेवर येऊन बसल्या.

"वाच पुढचं," त्या म्हणाल्या.